दोन बोटं नाही, वीतभर: हॅमस्टरच्या पिंजऱ्यात खाली काय घालायचं

लेकीच्या हट्टापायी आमच्याकडे हॅमस्टर आला तेव्हा दुकानदाराने पिंजरा, चाक, पाण्याची बाटली आणि एक पारदर्शक पिशवी भरून भुसा असं सगळं एकदमच हातात दिलं आणि म्हणाला, खाली दोन बोटं पसरा, बास. आम्ही पसरला. लेकीने त्याचं नाव बटाटा ठेवलं कारण तो रंगाने आणि आकाराने तसाच होता. तिसऱ्या दिवशी रात्री मी भांडी आवरत होते तर पिंजऱ्यातून टिक टिक असा आवाज, मला वाटलं घड्याळ बिघडलं, तर बटाटा शिंकत होता. हॅमस्टरची शिंक एवढीशी असते, टीव्ही चालू असेल तर ऐकूच येत नाही, म्हणून आधीचे दोन दिवस तो शिंकत होता की नाही ते देवालाच ठाऊक. डॉक्टरांनी तपासलं, छाती साफ होती, आणि औषध लिहायच्या आधी त्यांनी विचारलं की खाली काय घातलंय. मी पिशवीतला भुसा दाखवला. त्यांनी तो हातावर घेतला, फुंकर मारली, टेबलावर पिठासारखी धूळ उडाली, आणि मग काही बोलायची गरजच नव्हती. भुसा बदलला आणि आठवड्यात शिंका थांबल्या.

तेव्हापासून ओळखीत कोणी हॅमस्टर आणला की मला फोन येतो, खाली काय घालू. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी हे समजून घ्या

पिंजऱ्यात खाली जे पसरतो त्याला आपण बेडिंग म्हणतो म्हणून डोक्यात अंथरूण येतं, गादी येते. हॅमस्टरसाठी ते अंथरूण नाहीये, ती जमीन आहे. आपल्याकडे दुकानात मिळणारा मोठा सोनेरी हॅमस्टर, ज्याला सीरियन म्हणतात, तो मूळचा सीरियातल्या अलेप्पो शहराच्या आसपासचा. 1930 मध्ये तिथल्या शेतातून बीळ उकरून एक मादी आणि तिची 11 पिल्लं काढली होती, आणि आज जगभर घराघरात पाळलेले सीरियन बहुतेक त्याच कुटुंबाच्या वंशातले. म्हणजे बटाट्याची पणजी-खापरपणजी सगळी बिळात राहणारी. तिकडच्या शेतांत जाऊन संशोधकांनी जंगली हॅमस्टरची बिळं मोजली तर ती सरासरी 65 सेंटीमीटर खोल निघाली, कमीत कमी 36 आणि जास्तीत जास्त 106. मुठीत मावणारा प्राणी, आणि बीळ कधीकधी आपल्या कमरेएवढं खोल! आणि आपण त्याला देतो दोन बोटं भुसा.

स्वित्झर्लंडमध्ये यावर एक प्रयोग झाला होता, 2006 मध्ये छापून आला. काही हॅमस्टर 10 सेंटीमीटर थरावर ठेवले, काही 40 वर, काही 80 वर. 10 वाले पिंजऱ्याच्या तारा जास्त कुरतडत होते आणि चाकावर पण जास्त पळत होते. 80 वाल्यांनी तारा अजिबात कुरतडल्या नाहीत. रात्री दोन वाजता हॅमस्टर तार कुरतडतो, झोपू देत नाही, अशी तक्रार तुम्ही पण ऐकली असेल, त्यातल्या अर्ध्या लोकांचा पिंजरा मी न बघता सांगते की खाली थर पातळ असणार.

तर बेडिंग घेताना मी तीनच गोष्टी बघते. याची धूळ किंवा वास त्याच्या नाकात जाणार का. यात बीळ टिकणार का. आणि हे त्याने गालात कोंबलं, चावलं, किंवा ओलं झालं तर काय होणार. पॅकेटवर नॅचरल, प्रीमियम, ऑरगॅनिक काहीही लिहिलेलं असू दे, ते वाचत बसू नका.

काय अजिबात नको

सुतारकामाचा भुसा. हा सगळ्यात कॉमन, कारण फुकट नाहीतर दहा-वीस रुपयांत मिळतो, आणि पेट शॉपमधली बिनानावाची पिशवी पण बऱ्याचदा तोच माल असतो. करवतीखालून पडणारा हा भुसा म्हणजे जवळजवळ पीठच. हॅमस्टर चोवीस तास त्यात नाक खुपसून असतो, आपल्यासारखं उभं राहून वरची हवा घेत नाही तो. दुसरं म्हणजे त्यात कुठलं लाकूड आहे हे सुताराला पण सांगता येत नाही, साग असेल, पाइन असेल, प्लायवूड नाहीतर एमडीएफ (लाकडाचा चुरा दाबून केलेला बोर्ड) कापलेलं असेल तर त्यातला गोंद आणि फॉर्मल्डिहाइडसारखं रसायन पण आलं. सागाच्या भुशाने खुद्द सुतारांना खाज सुटते, शिंका येतात, तुमचा हॅमस्टर तर दीडशे ग्रॅमचा जीव.

पाइन आणि देवदार. यांचा वास आपल्याला फार आवडतो, नवीन कपाट उघडल्यासारखा, आणि त्याच वासात लोचा आहे. हे वास म्हणजे लाकडातून उडणारी रसायनं, ती श्वासनलिकेला त्रास देतात आणि लिव्हरवर पण परिणाम करतात. हे काही नवीन नाही, 1967 सालीच प्रयोगशाळेतल्या उंदरांवर लक्षात आलं होतं, देवदारासारख्या आणि पाइनच्या बेडिंगवर ठेवलेल्या उंदरांना झोपेचं औषध दिलं तर ते ठरल्यापेक्षा लवकर जागे व्हायचे, कारण त्या लाकडामुळे लिव्हरमधली औषध मोडणारी एन्झाइम वाढलेली असायची. म्हणजे नुसतं खाली अंथरलेल्या लाकडाने शरीराच्या आत एवढा फरक. आता कोणी म्हणेल की भट्टीत वाळवलेलं पाइन चालतं, तर हो, वाळवल्यावर त्यातला बराच वास उडून जातो आणि परदेशात काही जण ते वापरतात. पण इथे पिशवीवर वाळवलंय की नाही ते बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. त्यामुळे माझा नियम सरळ आहे, पिशवी उघडल्यावर लाकडाचा छान सुगंध आला तर ती पिशवी परत बंद.

कापूस. हा माझा सगळ्यात नावडता आयटम. पांढरा, गुलाबी, आकाशी, ढगासारखा मऊ, पॅकेटवर गोड हॅमस्टरचा फोटो, आणि मुलं दुकानात तेच उचलतात. कापसाचे लांब धागे पायाला गुंडाळले जातात, रक्तपुरवठा बंद होतो, पाय सुजतो, काळा पडतो. गालातल्या पिशवीत चिकटून राहतो, पोटात गेला तर आतडं अडतं. घरच्या घरी एक टेस्ट करून बघा, एका ग्लासात पाण्यात टॉयलेट पेपरचा तुकडा टाका आणि दुसऱ्यात हा कापूस, दोन्ही चमच्याने ढवळा. कागदाचा लगदा होईल, कापूस जसाच्या तसा राहील. बास, हीच टेस्ट. गोधडीच्या चिंध्या, जुन्या टीशर्टचे तुकडे, लोकर, काथ्या, सगळ्याला हेच लागू, जिथून धागा निघतो ते आत नको. आजी लोकांना वाटतं थंडीत बिचाऱ्याला ऊब मिळेल, हेतू चांगलाच असतो, पण त्यांना टिश्यू द्या फाडायला.

मांजराचं लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेत घालतात ते दाणे, त्यातलं ओलं झाल्यावर गोळा होणारं. ते ओलाव्याने फुगतं आणि हॅमस्टर ते गालात कोंबतो, कधी गिळतो पण. पुढचं सांगायला नको.

कॉर्न कॉब, म्हणजे मक्याच्या कणसाच्या दांड्याचे दाणे. दिसायला स्वच्छ, धूळ कमी, आणि आपल्याकडे सगळीकडे मिळतं. पण दाणेदार असल्याने त्यात बीळ होत नाही, उकरलं की लगेच ढासळतं, आणि ओल लागली की बुरशी धरतं. मुंबईच्या, कोकणाच्या हवेत तर जूनमध्ये आणलेलं जुलैपर्यंत कुबट.

भाताचं तूस पोल्ट्रीवाले वापरतात म्हणून काही जण सुचवतात. कोंबड्यांचं वेगळं. तूस टोकदार आणि धुळकट असतं, गालाला आतून टोचतं. कडब्याचे तुकडे पण तसेच. आणि सुगंधी बेडिंग, लव्हेंडर वगैरे, ते तुमच्या नाकासाठी बनवलेलं असतं, हॅमस्टरसाठी नाही. ज्याचं अर्धं जग वासावर चालतं त्याला चोवीस तास अत्तराच्या दुकानात कोंडल्यासारखं आहे ते.

वर्तमानपत्र? अगदी एखादा दिवस अडचण असेल तर चालवून घ्या, पण शाई हाताला लागते तशी त्याच्या पोटाला पण लागते आणि तो ती चाटतो. शिवाय त्यात बीळ होत नाही. ऑफिसातल्या श्रेडरच्या लांब पट्ट्यांचं पण तेच, वरून टोनर आणि स्टेपलरच्या पिना. कोरे कागद असतील आणि पिना नसतील तर थोडेसे बाकीच्यात मिसळायला ठीक.

मग काय घालू

कागदाचं बेडिंग. कागदाच्या लगद्यापासून बनवलेले मऊ, चुरगळलेल्या तुकड्यांसारखे दिसणारे प्रकार येतात, केअरफ्रेशसारखे इम्पोर्टेड ब्रँड ऑनलाइन मिळतात, महाग असतात पण पहिल्यांदा हॅमस्टर आणलाय आणि काहीच माहीत नाही तर डोळे मिटून हेच घ्या. बिनवासाचं, आणि शक्यतो पांढरं किंवा करडं, म्हणजे लघवीचा रंग लगेच दिसतो. रंगीबेरंगीत काही कळत नाही. लघवीत रक्त असेल तर ते पण पांढऱ्यावरच दिसणार. एकच बघा की गोळ्या म्हणजे पेलेट नकोत. पेलेट सशांच्या ट्रेला छान, हॅमस्टरच्या पायाला टोचतात आणि बीळ तर विसराच.

अॅस्पेनचे छिलके. रंधा मारल्यावर निघतात तसे पातळ, कुरळे छिलके, पीठ नाही. अॅस्पेनमध्ये पाइनसारखा उग्र वास नसतो म्हणून ते चालतं. अॅस्पेन हे पॉपलरच्या कुळातलं झाड, आणि पॉपलर आपल्याकडे पंजाब-हरयाणात प्लायवूडसाठी भरपूर लावतात, तरी त्याचं स्वच्छ बेडिंग इथे का कोणी बनवत नाही हे मला कोडंच आहे. सध्या तरी ऑनलाइनच मागवावं लागतं. पॅकेटवर अॅस्पेन असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या, नुसतं वूड शेव्हिंग्ज लिहिलं असेल तर ते काहीही असू शकतं.

टॉयलेट पेपर. हसू नका, बजेट कमी असेल तर याच्यासारखं काही नाही. साधा, पांढरा, बिनवासाचा, बिनडिझाइनचा. दोन-दोन चौकोनांचे तुकडे फाडून टाका, बाकीचं तो स्वतः बारीक करतो आणि तेच बघायला मजा येते, पट्टी तोंडात धरून गालात कोंबून बिळात नेतो, दोन मिनिटांनी परत हजर. रिकामे रोल पण टाका. किचन टॉवेल घेऊ नका, तो पाण्यात लवकर विरघळत नाही. दुकानातले अंड्यांचे कागदी ट्रे फाडून घालायचा सल्ला खूप जण देतात, पण आपल्याकडच्या ट्रेवर फुटलेलं अंडं आणि कोंबडीची विष्ठा सर्रास लागलेली असते, त्यामुळे कोरा ट्रे मिळाला तरच.

एक लक्षात ठेवा, बीळ करायचं सामान वेगळं आणि घरट्याचं वेगळं. बाकी काहीही वापरा, पण घरट्यासाठी मूठभर फाडलेला टॉयलेट पेपर एका कोपऱ्यात रोज टाकायचाच.

कोकोपीटबद्दल पण विचारतात, नर्सरीत विटेसारखं मिळतं ते. पूर्ण पिंजरा भरायला नको, कारण वाळलं की धूळ आणि ओलं राहिलं की बुरशी. एका डब्यात थोडं उकरायला म्हणून देता येतं, मात्र खत मिसळलेलं नको, आधी साध्या पाण्यात दोनदा धुवा, उन्हात खडखडीत वाळवा, चाळा, आणि लांब काथ्याचे तंतू वेचून काढा. एवढं करायची हौस असेल तर करा.

पॅकेट आणल्यावर करायच्या तपासण्या

पॅकेट आणलं की मूठभर बेडिंग काळ्या पिशवीत किंवा काळ्या कपड्यावर घेऊन हलवा आणि अंधारात मोबाइलचा टॉर्च आडवा मारा. उजेडात धूळ तरंगताना दिसली तर चाळून घ्या, चाळूनही दिसली तर परत करा. मग नाक लावून वास घ्या, लाकडाचा, परफ्यूमचा, कुबट, कुठलाच वास नको. मग मुठीत घट्ट दाबा आणि सोडा. थोडा वेळ गोळा टिकला तर बीळ टिकणार, लगेच भसकन पसरलं तर एकटं वापरून उपयोग नाही, काहीतरी मिसळावं लागणार. परत करायला गेलं की कधीकधी दुकानदार वैतागतो, एवढं काय बघताय मॅडम, उंदीरच आहे ना. वैतागू दे.

किती घालायचं, कसं घालायचं

सीरियनसाठी कमीत कमी वीतभर, म्हणजे साधारण 20 ते 25 सेंटीमीटर, आणि निदान अर्ध्या पिंजऱ्यात तरी. जास्त जमलं तर उत्तमच. छोटे ड्वार्फ, म्हणजे विंटर व्हाइट, रोबोरोव्स्की वगैरे, यांना पण वीतभर द्या, लहान आहेत म्हणून कमी देऊ नका.

इथे पहिली अडचण येते ती पिंजऱ्याची. आपल्याकडे मिळणाऱ्या तारेच्या पिंजऱ्यांचा खालचा ट्रे जेमतेम चार बोटं उंच असतो. वीतभर घातलं तर सगळं तारेतून बाहेर आणि मग घरात केर काढणारं माणूस कोण असेल ते तुमच्याशी बोलणार नाही. आम्ही शेवटी मोठा पारदर्शक प्लास्टिकचा स्टोरेज बॉक्स घेतला, कपडे ठेवायचा असतो तो, झाकण मधून कापून त्यावर जाळी बसवली. जुनं काचेचं फिश टँक असेल तर आणखी छान. भंगारवाल्याकडे गळका टँक स्वस्तात मिळतो, हॅमस्टरला गळका असला तरी काय फरक पडतो. काचेच्या कडा मात्र बघून घ्या.

हिशोब असा करा. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले 1000, म्हणजे लिटर. पिंजरा 80 बाय 50 असेल आणि 20 सेंटीमीटर भरायचं असेल तर 80 लिटर. कागदी बेडिंगच्या पॅकेटवर फुगल्यावरचे लिटर लिहिलेले असतात, ते बघा, किलो बघू नका. आकडा बघून पोटात गोळा येतो मला माहितीये, पण हे दर आठवड्याला लागणार नाहीये. उलट थर पातळ असला की आठवड्यात वास मारायला लागतो आणि सगळं फेकावं लागतं, जाड असला की महिनोन् महिने तोच चालतो. आमचा खर्च वर्षाच्या हिशोबात कमी झाला.

मी जे मिश्रण घालते ते असं, दोन भाग कागदी बेडिंग, एक भाग अॅस्पेन, आणि मध्ये मध्ये वाळलेल्या टिमोथी गवताचा पातळ थर. गवताने बीळ धरून राहतं, पूर्वी मातीच्या भिंतीत तूस नाहीतर गवत कालवायचे ना, तसंच. गवतातले जाड, टोकदार देठ काढून टाका. प्रत्येक थर टाकला की तळहाताने दाबायचा, चांगला दाबायचा, लोक इथेच चुकतात, फुसफुशीत भरून ठेवतात आणि मग म्हणतात आमचा हॅमस्टर बीळ करतच नाही. हाताने एक छोटं भोक तुम्हीच करून द्या किंवा टॉयलेट रोल तिरका खुपसून ठेवा, तो पुढचं काम स्वतः करतो.

जड वस्तू बेडिंगवर ठेवू नका. चाक, मातीचं भांडं, सिरॅमिकचं घर, हे सगळं तो खालून पोखरतो आणि मग ते त्याच्यावरच कलंडतं. लाकडी पाट किंवा चार पायांचा छोटा स्टूल तळाला टेकवून ठेवा आणि त्यावर चाक.

नवीन गवत किंवा अॅस्पेन आणलं की पिशवी घट्ट बांधून दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचं, माइट, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक किडे, असतील तर मरतात. आमच्या फ्रीजरमध्ये मटारशेजारी गवत असतं, पाहुणे विचारतात, आम्ही सांगतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नॉर्मल तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आत ओल धरते.

वाळूचा एक डबा पण हवा, ड्वार्फला तर हवाच. अंग घोळून स्वच्छ ठेवतात आणि बरेच जण लघवी पण तिथेच करतात, म्हणजे बाकीचं बेडिंग कोरडं राहतं. बारीक वाळू, पावडर नाही. चिंचिला नावाच्या दुसऱ्या पाळीव प्राण्यासाठी मिळणारी डस्ट नको, ती पावडर फुप्फुसात जाते. कॅल्शियमची रंगीत वाळू पण नको. बांधकामाची वाळू आणायची तर चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन, वाळवून, मग कढईत चांगली भाजून घ्या. शेंगदाणे भाजायला आपण वाळू तापवतोच की.

पावसाळा

परदेशातले सगळे सल्ले कोरड्या हवेतले असतात, त्यांना आपला जुलै माहीत नाही. डोंबिवलीत जुलैमध्ये मीठ पाणी सोडतं, तिथे बेडिंगची काय कथा.

जास्तीचं बेडिंग मूळ पॅकेटात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा, आम्ही जुनी तांदळाची कोठी वापरतो. पिंजरा बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, तिथे ओल येते. दिवसाआड बिळापासून लांब हात घालून तळापर्यंत चाचपायचं, थंड-ओलसर लागलं की तेवढाच भाग काढायचा. पाण्याची बाटली ठिबकते हे बहुतेक ओल्या बेडिंगचं खरं कारण असतं, लघवी नाही, म्हणून बाटलीखाली एक टाइल किंवा बशी ठेवा.

दुसरं म्हणजे त्याचा साठा. हॅमस्टर खाणं गालात भरून बिळात कोंबतो, कोरड्या दाण्यांचा साठा असू दे, पण काकडी, गाजर नेऊन ठेवलं तर दोन दिवसांत सडतं. पावसाळ्यात ओलं खाणं नखाएवढंच, आणि संध्याकाळी दिलेलं सकाळी शोधून काढायचं. एकदा आमच्या बटाट्याच्या कोठारात मूग उगवले होते, चांगले बोटभर लांब मोड! लेक खूश, मी मात्र त्या दिवशी एक पूर्ण कोपरा उपसला, कारण मोड आले म्हणजे आत तेवढी ओल होती.

मुंग्या आल्या तर खडू, पावडर, स्प्रे काहीही नको. पिंजरा चार पायांच्या स्टूलवर ठेवा आणि पाय पाण्याच्या वाट्यांत, दुधा-तुपाच्या कपाटाचे ठेवायचे तसे. बेडिंगला वास येऊ नये म्हणून डांबरगोळ्या किंवा कापूर जवळ ठेवणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून नका करू, दोन्ही विषारी आहेत. पिंजरा पुसायला फिनाईल नको, पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून पुसा आणि सुकू द्या. उदबत्ती, धूप, मच्छरची कॉइल दुसऱ्या खोलीत.

साफ कधी करायचं

सगळं एकदम कधीच बदलू नका. आपल्याला वाटतं छान स्वच्छ केलं, त्याच्या दृष्टीने कोणीतरी त्याचं घर पाडून दुसरंच बांधलं. त्याच्या वासाच्या सगळ्या खुणा गेल्या की तो घाबरतो, आणखी जास्त लघवी करून खुणा करतो, म्हणजे वास उलट वाढतो. ओला कोपरा दोन-तीन दिवसांनी काढायचा. बाकी महिना-दीड महिन्याने एक तृतीयांश काढून तेवढंच नवीन घालायचं, घरटं आणि कोरडा साठा जागच्या जागी.

सीरियन मादी असेल तर दर चार दिवसांनी एकदा तिचा वास उग्र येतो, तो तिचा माजाचा वास असतो, बेडिंगचा नाही, त्यासाठी पिंजरा उपसू नका. आणि दुकानातून आणलेली मादी बऱ्याचदा आधीच गाभण असते, 16 दिवसांत पिल्लं होतात, तेव्हा पिल्लं दिसली की पुढचे दोन आठवडे बेडिंगला हातच लावायचा नाही, आई घाबरली तर पिल्लं खाऊन टाकते. फक्त खाणं-पाणी ठेवायचं आणि वर थोडा टॉयलेट पेपर टाकायचा.

शिंका, श्वासाला टिकटिक किंवा घरघर, डोळे चिकट, पोटाचे केस जाणं, तळपाय लाल होणं, यातलं काही दिसलं तर आधी बेडिंगवर संशय घ्या, साधा टॉयलेट पेपर घाला आणि डॉक्टरांना दाखवा. शेपटीकडचा भाग ओला आणि जुलाब असतील तर मात्र बेडिंगचा विचार करत बसू नका, तो लहान हॅमस्टरचा जीवघेणा आजार असू शकतो, त्याच दिवशी दाखवायचं. सगळे व्हेट हॅमस्टर बघत नाहीत, आधी फोन करून विचारा.

आत्ता तुमच्याकडे चुकीचा भुसा घातलेला असेल तर हा एकच अपवाद, सगळा काढा, आजच. फक्त त्याच्या घरट्यातला मूठभर कागद नाहीतर साठ्यातले कोरडे दाणे नवीन बेडिंगमध्ये ठेवा, म्हणजे त्याला ओळखीचा वास राहतो. घरट्यात पण भुसाच असेल तर नुसते दाणे पुरेत. पहिले दोन दिवस तो इकडून तिकडे पळेल, मग एक दिवस तो पिंजऱ्यात दिसणारच नाही आणि तुमच्या पोटात धस्स होईल. झाकण उघडून उपसायला जाऊ नका, खाली असतो.

काढलेलं कागदी आणि अॅस्पेनचं बेडिंग कुंडीत खत म्हणून छान कुजतं, थोडी माती मिसळून महिना-दोन महिने झाकून ठेवा आणि फुलझाडांना घाला, खायच्या भाज्यांना नको. आमच्या जास्वंदीला घालते मी. तुळशीच्या कुंडीत घातलं तेव्हा सासूबाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या.